पहाटेची कडी

फेब्रुवारीत, कापसाची शेवटची वेचणी उरकत आली तेव्हा आमच्या घरी कुत्र्याचं पिल्लू आलं. नऊ आठवड्यांची मादी, वजन जेमतेम दीड किलो. नुकत्याच फुटलेल्या बोंडासारखं पांढरं अंग आणि त्यात नाकाचा काळा ठिपका. लेकीनं बघताक्षणी नाव ठेवलं, सरकी. यवतमाळ जिल्ह्यात हे नाव कुणाला फोड करून सांगावं लागत नाही.

पहिल्याच दिवशी सरकीनं घरात अकरा वेळा शू केली. दिवाणाखाली, शिलाई मशीनच्या पायाशी, लेकीच्या दप्तराजवळ, आणि दिवेलागणीला थेट देवघराच्या उंबऱ्यापाशी. सासूबाई समई लावत होत्या. हातातली काडीपेटी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "कुत्रं ओसरीतच शोभते माय. त्याले घरात कायले आणलं?"

मला राग आला होता. पण पुढच्या आठ महिन्यांत जे शिकायला मिळालं, त्याचा धागा याच प्रश्नात होता.

सासूबाईंचं माहेर घाटंजी तालुक्यातलं. मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, पुढे ओसरी, ओसरीपुढे अंगण, बाजूला गोठा. कुत्रं त्या घराचंच असे, पण त्याची हद्द ओसरीच्या पायरीशी संपे. भाकरीचा तुकडा तिथे, रात्रीची राखण तिथे, आणि विधीसाठी अख्खं शिवार मोकळं. त्याला कुणी काही शिकवलं नाही, कारण कुत्रं आणि माती यांच्यामध्ये दारच नव्हतं. आपल्या श्रद्धेतही कुत्रं जवळचं आहे. पैनगंगेपलीकडच्या माहूरला जाणाऱ्या प्रत्येकानं दत्ताच्या पायाशी चार श्वान पाहिलेले असतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणारे नामदेव महाराज लहानपणीच गोष्टीत भेटलेले असतात. या सगळ्या कुत्र्यांना अंगण होतं. फरशीच्या, बंद दाराच्या, वरच्या मजल्यावरच्या घरात कुत्रं राहायला आलं ते अलीकडे, आणि आलं ते बहुतेक छोट्या जातीचं.

आपण सरसकट 'पामेरियन' म्हणतो ते पांढरं कुत्रं बहुधा इंडियन स्पिट्झ असतं. इंग्रजांच्या काळात आलेल्या जर्मन स्पिट्झपासून ते इथल्या हवेत रुळलं. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला, त्यातल्या टफीनं ते घराघरांत हवंहवंसं केलं. त्यानंतर दशकभरानं एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागेमागे चालणारा पग दिसला, आणि पगची मागणी वाढली. आता डॅशहुंड, ल्हासा अप्सो, शिह त्झू अशी कुत्री यवतमाळ, पुसद, वणीच्या वसाहतींतही संध्याकाळी फिरताना दिसतात. ती घरात आली, पण त्यांच्यासाठी घरात काय बदलावं लागतं याचा विचार फार कमी घरांनी केला. आमच्याही घरानं केला नव्हता.

विकणाऱ्यानं "पेपरवर बसायची सवय आहे" असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात सरकी जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात वाढली होती. खाणं, झोपणं, शी-शू सगळं तिथेच. पुढे कळलं की खरी अडचण इथेच सुरू होते. जन्मल्यावर पहिले तीनेक आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते, आणि आईच ती जागा साफ ठेवते. पाय टेकवता यायला लागले की पिल्लू आपण होऊन झोपायच्या जागेपासून दोन पावलं दूर जातं. झोपण्याची जागा कोरडी ठेवायची ही त्याची उपजत बुद्धी आहे, आणि घरातली सारी शिकवण याच बुद्धीवर उभी राहते. पिंजऱ्यात कोंडलेल्या पिल्लाला दूर जायला दोन पावलंच नसतात. ते आपल्याच घाणीत झोपायला शिकतं आणि ती बुद्धी बोथट होते. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्र सरकारनं २०१७ मध्ये नियम केले. त्यांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही महिनाभराचं पिल्लू पिशवीत घालून आणलेली घरं मला माहीत आहेत. पिल्लू घेताना त्याचा रंग बघतो, तशी त्याची आई आणि ते वाढलं ती जागाही बघावी. ती जागा ओली आणि घाण असेल, तर पुढच्या सहा महिन्यांचं काम तिथेच वाढलेलं असतं.

दुसरी गोष्ट शरीराची. प्रौढ कुत्र्याच्या शरीरात दर किलो वजनामागे दिवसाला साधारण २० ते ४० मिलिलिटर लघवी तयार होते. दोन किलोच्या कुत्र्याची दिवसभराची लघवी चहाच्या कपात मावेल. पण ती साठवायची पिशवीही तेवढीच इवलीशी, आणि पिल्लात तिच्यावरचा ताबा अजून पक्का झालेला नसतो. पशुवैद्य एक ढोबळ हिशेब सांगतात, पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तितके तास ते जागेपणी थांबू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास. छोट्या जातीत त्याहूनही कमी धरावे.

छोटेपणाचा आणखी एक परिणाम होतो, तो मात्र आपल्यामुळे. लॅब्राडॉरनं बैठकीत शू केली तर अख्खं घर उठतं. स्पिट्झनं केली तर अर्धी वाटी. मे महिन्यात तर ती पुसायच्या आधीच वाळून जाते. "लहान आहे, होतं कधी कधी," म्हणून आपण सोडून देतो. छोट्या कुत्र्याची चूक छोटी दिसते म्हणून ती दुरुस्त होत नाही. वर्षभरानं तीच त्याची सवय झालेली असते, आणि मग त्याच घरात त्याच्यावर हात उगारला जातो.

मी तर पहिल्या पंधरवड्यातच उगारला. ओरडले, पेपरची गुंडाळी आपटली, एकदा तिचं नाक ओल्या फरशीवर टेकवलं. आमच्याकडे असंच सांगतात, म्हणून केलं. आठवड्याभरात सरकी माझ्यासमोर शू करेनाशी झाली. मला वाटलं, शिकली. नंतर दिवाण ओढला तर मागे पिवळे डाग होते.

लसीसाठी पशुवैद्यांकडे गेले तेव्हा हे सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही ओरडलात, त्यातून तिला एवढंच कळलं की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. आता तुम्ही तिला बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर ती करणार नाही. घरी परत आणाल आणि ती दिवाणामागे जाईल." अगदी हेच घडत होतं. शिक्षा असो वा बक्षीस, कुत्रं त्याचा संबंध त्याच क्षणाशी जोडतं. पाच मिनिटांपूर्वीच्या थारोळ्याशी तुमचा राग त्याला जोडता येत नाही. त्याला दिसतं ते फक्त रागावलेलं माणूस. कान पाडून, अंग चोरून बसलेलं कुत्रं आपल्याला अपराधी वाटतं. ते खरं म्हणजे घाबरलेलं असतं.

त्यांनी दुसरी ताकीद दिली ती रस्त्याची. पार्व्होचा विषाणू १९७८ मध्ये ओळखला गेला. तो जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि लस पूर्ण न झालेल्या पिल्लाचा दोन-चार दिवसांत जीव घेऊ शकतो. सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत पुढच्या लसी, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची. हे पूर्ण होईपर्यंत पिल्लाला मोकाट कुत्र्यांच्या वाटेवर उतरवायचं नाही. म्हणजे शिकवायचं आत्ता आणि बाहेर न्यायचं नंतर. अंगण असलेल्याला ही अडचण नसते. आमच्याकडे होती ती गच्ची.

गवंड्याचं एक जुनं पसरट घमेलं घेतलं. त्यात शेतातली काळी माती भरली, वर हरळी लावायची ठरवली. सासूबाईंनी अडवलं, "हरळी गणपतीची हाय. तिथं लव्हाळा लाव." लव्हाळा लावला. शेतकऱ्याला नकोसं झालेलं ते तण आमच्या गच्चीत कामी आलं. पिल्लाच्या पायांना ज्या पृष्ठभागाची सवय दोन-तीन महिन्यांच्या वयात लागते, तोच ते पुढे शोधत राहतं. कागदावर शिकवलं तर कागद, फरशीवर सोडलं तर फरशी. आम्हाला माती हवी होती, कारण पुढे सगळीकडे मातीच मिळणार होती.

आणि मग, कुणीही न सांगता, सासूबाई या कामात आल्या.

त्या पहाटे पाचला उठतात. साठ वर्षांची सवय, कडी काढायची, सडा टाकायचा, रांगोळी काढायची. कडीचा आवाज झाला की सरकी तिच्या खोक्यात कुणकुणायची. एक दिवस त्यांनी तिला उचललं, गच्चीवर नेलं, घमेल्यात ठेवलं आणि काही न बोलता बाजूला उभ्या राहिल्या. सरकीनं माती हुंगली, दोन गिरक्या घेतल्या आणि बसली. सासूबाई म्हणाल्या, "शाब्बास." पदराच्या टोकाला बांधलेला उकडलेल्या अंड्याचा कण लगेच तिच्या तोंडात. खाली येऊन मला म्हणाल्या, "वासराले बी जागा दाखवा लागते. मारून कोनी शिकत नाई. येळ सांभाळा लागते."

पशुवैद्यांनी दोन पानं भरून जे समजावलं होतं, ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. गुरांत वाढलेल्या माणसाकडे ही समज असते. जनावर वेळेवर चालतं. त्याचं दूध, चारा, पाणी, रवंथ, सगळ्याला वेळ असते आणि माणसानं त्या वेळेला हजर असावं लागतं. आमच्या घरात असं वेळेला हजर असणारं एकच माणूस होतं, आणि कुत्र्याला विरोधही त्याच माणसाचा होता.

तिथून पुढे आम्ही वही केली. झोपेतून उठल्यावर लगेच. खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, कारण पोटात अन्न गेलं की आतडी हलू लागतात. खेळून दमल्यावर. पाणी प्यायल्यावर थोड्या वेळानं. निजण्याआधी, आणि सुरुवातीला रात्री दोन वाजता एकदा. प्रत्येक वेळी तीच जागा, तोच शब्द. लेक "शू कर" म्हणे, मी "चल" म्हणे, सासूबाई "बस" म्हणत. शेवटी सगळ्यांनी "बस" ठरवलं. खेळता खेळता अचानक थांबणं, जमीन हुंगत कोपऱ्याकडे जाणं, गोल फिरणं, या तीन खुणा लेकीनं सगळ्यांच्या आधी ओळखल्या. चूक होताना दिसली तर ओरडायचं नाही, शांतपणे उचलून घमेल्यात न्यायचं. चूक होऊन गेलेली दिसली तर फक्त पुसायचं. कुणाचं लक्ष नसेल तेव्हा तिला लाकडी खोक्यात ठेवायचं. उभं राहता येईल, वळता येईल, आडवं होता येईल, इतकंच मोठं खोकं. त्याहून मोठं असेल तर पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात विधी करतं.

तिसऱ्या आठवड्यात दिवसाला चार चुका, एप्रिलच्या मध्याला एखादी. मग उन्हाळा तापला.

यवतमाळचा मे महिना म्हणजे पारा ४५ अंशांच्या आसपास. सकाळी आठनंतर गच्चीचं सिमेंट हाताला सोसत नाही, तिथे इवल्याशा पावलांची कातडी भाजते. घमेलं खाली मागच्या पडवीत आणलं. जागा बदलली तशा चुका पुन्हा वाढल्या, पंधरा दिवसांनी पुन्हा उतरल्या. या दिवसांत अनेकजण एक चूक करतात. शू कमी व्हावी म्हणून पाणी कमी करतात. आपल्याकडच्या उन्हात हे जिवाशी खेळणं आहे. पाण्याची वाटी दिवसभर भरलेली हवी, जेवण मात्र ठरल्या वेळी. आणि अगदी लहान जातीच्या पिल्लाला उपाशी ठेवू नये, त्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते.

पाण्याचा प्रश्न माणसांसाठीही आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणं आटली, तेव्हा टँकरच्या रांगेत उभी राहिलेली यवतमाळची घरं तो उन्हाळा विसरलेली नाहीत. अशा गावात दिवसातून आठ वेळा फरशी धुणं परवडत नाही. कुत्र्याला जागा लागली की घरातलं पाणीही वाचतं. पुसण्याचीही रीत आहे. आधी जुन्या सुती कापडानं दाबून टिपून घ्यायचं, मग थोड्या पाण्यानं पुसायचं. आपल्या नाकाला वास गेला म्हणजे गेला असं नसतं. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या वीस कोटींहून अधिक. वास राहिला की त्याला वाटतं, जागा हीच. फिनेलच्या उग्र वासानं हा प्रश्न सुटत नाही, वर ते पिल्लाच्या पोटाला आणि पायांना अपाय करतं. अमोनियाच्या द्रावणाचा वास तर मूत्रासारखाच असतो. मूत्राचे घटक विरघळवणारी एन्झाइमची द्रावणं औषधाच्या दुकानात किंवा प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतात, तीच वापरावीत. साध्या टाइलवर पाणी घातलेला पांढरा व्हिनेगर चालतो. शहाबादी फरशी आणि संगमरवर मात्र चुनखडीचे, त्यांना तो खातो.

पावसाळा आला तोवर लसी झाल्या होत्या. सरकी रस्त्यावर उतरली, आणि पहिल्या सरीत परत फिरली. छोट्या कुत्र्याचं पोट जमिनीपासून वितभर. आपल्या पायाला चिखल लागतो, तिथे त्याचं अख्खं अंग भिजतं. आम्ही पडवीतलं घमेलं तसंच ठेवलं. साचलेल्या पाण्यात उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात, म्हणून डबकी टाळली आणि त्याचीही लस दिली. पांढरकवडा, झरी जामणी, मारेगावकडच्या वाचकांना एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. बिबट्याला छोटं कुत्रं ही सोपी शिकार. रात्री दार उघडून "जा, करून ये" असं तिकडे करू नये. माणूस, बॅटरी आणि पट्टा सोबत हवा.

त्याच भागातल्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला एक तरुण वाघ बुलडाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत चालत गेला, हे अनेकांना आठवत असेल. जाईल तिथे वाघ झाडाच्या बुंध्यावर फवारा मारून आपली हद्द सांगतो. वयात आलेला नर कुत्राही सोफ्याच्या पायावर, दाराच्या चौकटीवर थोडीशी धार सोडतो ती याच कारणानं. शू करणं आणि हद्द लिहिणं या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे उपायही वेगळे. नसबंदीनं हे बऱ्याच कुत्र्यांत कमी होतं. पाहुणा आला की आनंदानं किंवा भीतीनं थेंब सोडणारं पिल्लू तर काहीच ठरवून करत नाही. त्याच्यावर वाकू नये, खाली बसून बाजूनं हात पुढे करावा. आणि शिकलेलं कुत्रं अचानक चुकायला लागलं, जोर करून थेंब थेंब करू लागलं, रक्त दिसलं, तर तो आजार आहे. छोट्या जातींत मूतखडा नवलाचा नाही. ते शिस्तीचं नव्हे, दवाखान्याचं काम. पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने तालुक्यांत आहेत, आणि मोठी तपासणी लागली तर नागपूर आणि अकोल्याला पशुवैद्यकीय संस्था आहेत.

पोळ्याला सरकी नऊ महिन्यांची होत आली होती. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लेकीनं लाकडी नंदी सजवला, मिरवून आणला, आणि त्याच्या गळ्यातली घुंगरांची माळ मागच्या दाराला सरकीच्या नाकाच्या उंचीवर बांधली. दार उघडण्याआधी दर वेळी ती सरकीच्या पंजानं माळ हलवायची आणि मग कडी काढायची. दहा-बारा दिवस गेले. एका दुपारी सगळे वामकुक्षीत असताना घुंगरं वाजली. सासूबाई सगळ्यांत आधी उठल्या.

त्या दिवशी मला त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. घरात कुत्रं कशाला? घरात त्याचं ऐकणारं, वेळेला कडी काढणारं माणूस असेल तरच. ते नसेल तर त्यांचंच म्हणणं खरं, कुत्र्याला ओसरी आणि अंगण बरं.

हे सगळं इतक्या तपशिलानं लिहिलं, कारण "घरात घाण करतं" या एका वाक्यावर किती कुत्री घराबाहेर जातात ते मी पाहिलं आहे. नागपूर रस्त्याला, धाब्याजवळ, गळ्यात पट्टा असलेला एखादा स्पिट्झ गाड्यांमागे धावताना दिसतो. त्याला उकिरड्यावर शोधून खाणं येत नाही, मोकाट कुत्र्यांशी भांडणं येत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला भूक-तहानेनं हाल होतील असं सोडून देणं गुन्हा आहे. पण त्या कुत्र्याचा गुन्हा काय होता? कुणी त्याला जागा दाखवली नाही.

आता दिवाळी आहे. फटाक्यांच्या आवाजानं शिकलेली कुत्रीही घरात शू करतात. या दिवसांत अंधार पडायच्या आत त्यांना बाहेर फिरवून आणा, मग आतल्या खोलीत, खिडक्या लावून, त्यांच्या खोक्याजवळ बसा. फरशी ओली झाली तर काही न बोलता पुसा.

आणि या दिवाळीत मुलांसाठी पिल्लू आणायचं मनात असेल, तर आधी घरात एवढंच विचारा, पहाटे पाचला कडी कोण काढणार? उत्तर देणारं कुणी असेल तर जरूर आणा. नसेल तर यंदा आणू नका.